चष्म्याच्या एका काचेवर पट्टी

मंडळी, चष्मेवाल्यावर विश्वास ठेवू का?

मला मायस्थेनिया आहे. स्नायू लवकर थकतात, पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात. दोन प्रतिमा एकत्र आणणारा प्रिझमचा चष्मा केला. सकाळी छान, संध्याकाळी पुन्हा दोन! मधे सैल स्क्रू बसवायला दिला तेव्हाच चष्मेवाल्यानं काच बदलली, असं माझं मत. पण द्यायच्या आधी मी काचेवर सुईनं खूण केली होती, लूमवर कामाला असताना कापडाच्या ताक्याला करायचो तशी.

आज संध्याकाळी सुनेला घेऊन जाब विचारायला गेलो. खूण जागेवरच!

चष्मेवाला हसला. "चाचा, काच वही है. नंबर सकाळी काढला, तेव्हा डोळे ताजे होते. संध्याकाळी थकले की तो नंबर पुरत नाही."

मग एकाच डोळ्यानं दिसावं म्हणून त्यानं एका काचेवर धुरकट पट्टी चिकटवली.

"येडा समजलास का मला?"

"बाबा, लावून तर बघा," सून म्हणाली.

लावला, तर बाहेर काल्हेरकडे जाणारा कंटेनरचा ट्रक एकच दिसला. कालपर्यंत दोन दिसायचे, खरा कुठला कळेना, म्हणून एकट्यानं रस्ता ओलांडणं सोडलं होतं.

तरी मनात शंका आहेच. झाकलेला डोळा कायमचा बसला तर? डॉक्टरांना विचारणारच आहे. पण अशी पट्टी कुणी वापरली असेल, तर खरं सांगा. तुमचा डोळा ठीक आहे ना?