मायसाठी बिब्ब्याने काढलेला नकाशा

नकाशांविषयी लिहायला मी बसावं, एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. जाणकारांनी चूकभूल माफ करावी. पण वेगळे नकाशे जमवणाऱ्यांच्या हाती हा कधी लागणार नाही, म्हणून सांगतो.

माझी मोठी बहीण, मी तिला बाई म्हणतो, केळझरच्या पलीकडे डोंगराआड दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. पाय सुजल्यामुळे बैलगाडीतून माहेरी आणणं शक्य नव्हतं. लग्नापासून मायने तिला पाहिलं नव्हतं. वडील नव्हते, माझी परीक्षा तोंडावर. तरी मी सोबत निघतो म्हणालो.

"तू पेपर दे," माय म्हणाली. "मले फक्त वाट काढून दे."

मी वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशाच्या धर्तीवर, ऐकीव माहितीवरून कागदावर रस्ता काढला. नदी, देऊळ, विहिरी. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळी चित्रंच.

"हे गोल काय होय?"

"विहिरी."

"यातल्या आपल्या कोनत्या?"

मला कळलंच नाही. ती हसली. "अरे लेका, पानी कोनाच्या विहिरीवर भेटते, तेच नाई याच्यात. वैशाखात चालाचं हाय मले, कालेजात नाई!"

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि वाटेवरच्या विहिरींचा विटाळ जुनाच होता. मग आम्ही दोघांनी वस्तीतल्या, त्या बाजूला जाणाऱ्या माणसांना विचारलं. कागद घामाने विरला असता. पटवाऱ्याचा नकाशा कापडावर असतो, म्हणून मी धोतराचा तुकडा घेतला आणि परीट खुणा करतात तशा बिब्ब्याने रेघा ओढल्या. आपल्या वस्तीची विहीर भरीव काढली. जिथे वरून ओंजळीत ओततात, ती अर्धी. नदीच्या वाळूत जिथे पाण्यासाठी झिरा खणता येतो, तिथे एक हात काढला. बाकीच्या विहिरी काढल्याच नाहीत. बिब्बा उतून माझी बोटं सुजली. मायने तो तुकडा पदराला बांधला आणि उजाडताच निघाली.

मी वर्ध्याला वसतिगृहात परतलो. पेपर लिहिताना डोळ्यांसमोर ती वाट यायची. आता ती नदीपाशी असेल, आता तिने ओंजळ पुढे केली असेल, कोणी ओतलं असेल का. वर्गातल्या नकाशावर केळझरच्या पुढे नुसता तपकिरी रंग होता. रिकाम्या तासाला मी तिथे बोट ठेवून उभा राहायचो. बाईचं घर कसं आहे, तिच्या दारात काय आहे, मला काहीच माहीत नव्हतं.

परीक्षा संपत आली तेव्हा बाईच्या वस्तीतला एक माणूस बाजाराला आला होता, तो विचारत विचारत वसतिगृहाच्या फाटकाशी आला. मी धावत बाहेर गेलो. तो म्हणाला, "माय पोहोचली तुही. बाईले पोरगी झाली, माय पाशीच होती. दोघी बऱ्या हायेत. पोरगी पाहाले येजो, म्हने."