पाइपावरची शेकोटी

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे — कळत नाही. अंगणात गारठा उतरला की हे ओठांवर येतं, एवढंच.

आमचं घर आर्णीजवळच्या खेड्यात. नळाचा काळा प्लास्टिकचा पाइप रस्त्यापासून न्हाणीपर्यंत अंगणातूनच आणलेला, वर धड वीतभर मातीही नाही. माझे सासरे — सगळे त्यांना बापू म्हणत — थंडीत रोज पहाटे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, शेकोटी पेटवायचे. पण कडुलिंबाखाली, पाइपापासून लांब. पाइप त्यांनीच पुरला होता ना. आजूबाजूची म्हातारी मंडळी शाली गुंडाळून जमायची. मी चहा घेऊन गेले की बापू सरकून जागा करायचे. "ये वं पोरी, शेक जराशी. काम कुठी पयून नाही जात." सासरी मला बस म्हणणारं दुसरं होतं तरी कोण?

एकदा बापू तापाने अंथरुणात होते. भांडी घासून माझी बोटं वाकत नव्हती. कडुलिंबापर्यंत कोण जाणार? — मी न्हाणीपाशीच पऱ्हाटी पेटवली, हात शेकले, आणि विस्तव तसाच सोडून स्वयंपाकाला लागले.

दुपारी नळ आला आणि पाणी राखेतून उसळलं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत ते उंबरा ओलांडून समोरच्या खोलीत गेलं होतं. तिथे वेचणीचा कापूस रचलेला. खालचा सगळा थर भिजला.

शेतातून आलेल्या नवऱ्याने राख पाहिली. शेकोटी म्हणजे बापू, हे घरात ठरलेलंच. "बापू, पाइपावर काहून पेटवली? समजत नाही का तुमाले आता?"

मी तिथेच होते, कापूस उपसत. तोंडात मिठाची गुळणी धरून — नाही, हेही खोटं. नुसती गप्प बसले असते तरी बरं होतं. मी म्हणाले, "बापूंच्या ध्यानात नाही राहत आजकाल."

अंथरुणातून उठून दारात आलेल्या बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मग वितळलेल्या पाइपाकडे. "मीच लावली असन बाप्पा. ताप होता... आठवत नाही मले."

त्यांना ते खरंच वाटलं.

पुढे त्यांनी काडेपेटीला हात लावला नाही. म्हातारी मंडळी दुसऱ्या अंगणात जाऊ लागली. बापू खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत, आणि बारीकसारीक गोष्टी मला विचारत — "पोरी, मी जेवलो का?" दुसऱ्या कुणाला नाही, मलाच. मी म्हणायचे, हो बापू, जेवलात. तेव्हा एक वाक्य जास्तीचं बोलायला काय जड होतं? दोन हिवाळ्यांनी ते गेले.

आता पाइप खोल पुरला आहे. कडुलिंबाखाली मी शेकोटी पेटवते, आणि बसताना उगाच थोडी सरकून बसते. फार आठवण येते त्यांची. त्या एका "ये वं पोरी"साठी जीव तुटतो.

बापू, तुम्हाला आठवत नव्हतं, कारण तुम्ही लावलीच नव्हती. मी लावली होती.