टोरीच्या तेलावरचं इंजिन

आई गेल्यावर बाबांनी बोलणंच टाकलं. माझ्या माहेरी, कोंढा गावच्या घरी, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी काही विचारलं तर मान हलवायचे, तीही अर्धवट. मला रागही यायचा आणि रडूही.

ह्यांनी, म्हणजे माझ्यासोबत तिथे राहायला आलेल्या माझ्या नवऱ्याने, यावर उपाय काढला तो डिझेल बनवण्याचा! आईने वेचून ठेवलेल्या टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, तेलघाणीवर नेऊन तेल काढून आणलं. बाबांचं पाणी ओढायचं जुनं इंजिन त्यावर चालवलं तर ते काहीतरी बोलतील, निदान शिव्या तरी देतील, असा ह्यांचा होरा.

अंगणात चूल पेटवायची बंदी झाली. ह्यांच्या डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. विषारी, चटकन पेट घेणाऱ्या मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा कालवताना मला थेट फाटकापाशी पिटाळायचे.

"तुमचं डिझेल होईल जी, पण माह्या भाजीचं काय?" मी म्हणायची.

ते मिश्रण तेलात ढवळून ठेवलं, खाली बसलेला चिकट गाळ काढला, वरचं तेल पाण्याने धुतलं. मग पाणी पूर्ण उडेपर्यंत ते विजेच्या शेगडीवर तापवलं. पाणी राहिलं तर इंजिनाची वाट लागते म्हणे.

पौषातल्या एका सकाळी घरामागच्या बांधीत उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांना, कोवळ्या रोपांना, पाणी द्यायला इंजिन सुरू केलं. दोन-चार आचके देऊन ते बंद पडलं. नळीतलं इंधन तुपासारखं गोठलं होतं. टोरीचं तेल हिवाळ्यात गोठतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण डिझेलइतकं पातळ झालं म्हणजे ते तेल राहिलंच नाही, असं आम्ही दोघे शहाणे धरून चाललो होतो.

मागे पाहिलं तर अंगावर चादर घेऊन बाबा बांधावर उभे.

"हिवात टोरीचं तेल गोठते, तुह्या मायनं सांगतलं नाही तुले?"

नळी शेकायला त्यांनी तणसाची, धानाच्या वाळल्या काडाची, पेंढी उचलली आणि काडेपेटी मागितली.

"मामाजी, आग नोको!" ह्यांनी सासऱ्यांचा हातच धरला.

मग मी घरून गरम पाणी आणलं. बाबांनी फडकी भिजवून नळीला गुंडाळली, पुन्हापुन्हा. शेवटी इंजिनाने धूर सोडला आणि ते लयीत चालू लागलं.

बाबा ऐकत राहिले. एकदम घराकडे तोंड करून, आईला हाक मारायचे तसे ओरडले, "अवो, ऐकून राहिली काय? चालू झालं!"

दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा पडला. मी आईसारखंच मोठ्याने म्हटलं, "ऐकून राहिली जी, ऐकून राहिली."