नव्या पट्ट्या

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही, आणि तिला तर मी शाळेत डबा उरला तरी का उरला ते सांगायचो. आता ती नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. इथं सुरतेत, उधन्यात, मला ओळखणारे पुष्कळ आहेत. बाजारात गेलो की दोन-चार जण तरी ‘सर’ म्हणून हात वर करतात. मीही करतो.

मी शिरपूरकडचा. तीसेक वर्षं इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि दर मे महिन्यात मुलांचं शिबिर घेत आलो. अजूनही घेतो. कागदी नळकांड्यांचा पूल, बाटलीचा पंप, खोक्याचा कॅमेरा — सगळं मुलांनी स्वतःच्या हातांनी करायचं. माझा एकच नियम, आणि त्याचा मला भारी अभिमान: बाजारातून काही आणायचं नाही. घरात, गल्लीत, आईबापाच्या कारखान्यात जे टाकून दिलेलं असेल तेच आणायचं. कापड विणायच्या लूमच्या कारखान्यांतून मोकळ्या बॉबिनी यायच्या, सुताचे पुठ्ठ्याचे कोन यायचे. ज्या वस्तूंवर बाप बारा-बारा तास राबतो, त्याच वस्तूंनी पोरं विज्ञान शिकतात — हे वाक्य मी भाषणात किती वेळा वापरलंय, देव जाणे. टाळ्या हमखास पडतात.

बघा, पुन्हा स्वतःचं कौतुकच सुरू झालं. मुद्दा तसाच राहिला.

तर — जागृती. अकरा वर्षांपूर्वी ती सातवीत होती. बाप आत्माराम, लूम चालवणारा, आमच्याच खान्देशातला. बापाचा डबा पोचवायला ती कारखान्यात जायची आणि दारात उभी राहून यंत्र बघत बसायची. लूमवर शेकडो ताणलेले धागे असतात, आणि नव्या यंत्रांत प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लटकत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, खालच्या दांडीला टेकते, वीज वाहते आणि यंत्र थांबतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं नुसतं बघून ओळखलं. शिबिरात तिनं खोक्यात बारा धागे ताणले, बारा पट्ट्या लटकवल्या, आणि कुठलाही धागा कापला की दिवा लागेल अशी जोडणी केली. बारा वर्षांची पोर! इतक्या वर्षांत मी असं डोकं पाहिलं नव्हतं, आणि नंतरही पाहिलं नाही.

फक्त दिवा नेमानं लागत नव्हता. पट्ट्या भंगारातल्या होत्या, कारखान्यातल्या मास्तरला, म्हणजे मुकादमाला, विचारून आत्मारामनं आणलेल्या, गंजलेल्या. दहातल्या सहा वेळा दिवा लागायचा, चार वेळा नाही. शिबिरापुरतं ते पुरे होतं. का नाही लागत, हे शोधणं हाच खरा धडा होता — हे मला तेव्हाही कळत होतं.

पण दोन दिवसांनी प्रदर्शन होतं आणि पाहुणे होते शेठ. त्याच कारखान्याचे मालक. त्यांच्या कारखान्यावरची खोली मला शिबिरासाठी कायमची हवी होती. दरवर्षी कुणाच्या तरी वाडीत, कुणाच्या तरी गच्चीवर बिऱ्हाड हलवून मी कंटाळलो होतो. शेठना दाखवायला जागृतीच्या लूमसारखं दुसरं काय होतं? त्यांच्याच यंत्राची गोष्ट, त्यांच्याच कामगाराची मुलगी. आणि शेठच्या समोर दिवा लागला नाही तर?

पाळी सुटताना मी आत्मारामला कारखान्याबाहेरच्या चहाच्या गाडीवर गाठलं. म्हटलं, नव्या पट्ट्या आणा, डझनभर. प्रदर्शन झालं की परत ठेवा.

तो मान खाजवत राहिला. “सर, नव्या पट्ट्या मास्तर मोजीसन देस.”

“मी शे ना,” मी म्हणालो. शाळेत मी अहिराणी बोलत नाही, पण कुणाकडून काही हवं असलं की मला ती बरोबर आठवते. “काही व्हयनं तं मी सांगसू.”

त्यानं आणल्या. डब्यात, पोळ्यांच्या खाली ठेवून. माझ्या शब्दावर.

प्रदर्शनात दिवा दर वेळी लागला. लोक वाकून बघत होते, धागा कापायला पोरांची रांग लागली होती. शेठही हसत वाकले, आणि मग त्यांनी एक पट्टी बोटात धरली. त्या नव्या यंत्रांच्या पट्ट्यांना वरच्या टोकाला तिरका काप होता. तसल्या पट्ट्या उधन्यात तेव्हा फक्त त्यांच्याकडे आलेल्या.

“आ क्यांथी आव्युं?” हे कुठून आलं, त्यांनी गुजरातीत विचारलं. आवाज चढवला नव्हता.

“पप्पांनी आणलं,” जागृती म्हणाली. आनंदाने म्हणाली हो! तिला वाटलं कौतुक चाललंय.

आत्माराम मागच्या भिंतीशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. शेठनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढंच. तो घाबरलेलाही नव्हता — मी सांगणार, याची त्याला खात्री होती.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “आम्ही मुलांना फक्त टाकाऊ वस्तू आणायला सांगतो, शेठ. ह्या नवीन कशा आल्या, मला कल्पना नाही.”

माझं काय जाणार होतं? नोकरी पक्की होती, पगार चालू होता. फार तर शेठच्या कपाळाला आठी पडली असती. फार तर खोली मिळाली नसती. पुढच्या वर्षी पुन्हा कुणाच्या गच्चीवर. बस — इतकंच होतं पलीकडच्या पारड्यात.

दुसऱ्या दिवशी आत्मारामला कामावरून काढलं. तुम्ही म्हणाल, उधन्यात लूम काय कमी आहेत? नाहीत. पण आमच्या लोकांत काम शब्दावर मिळतं. कुणीतरी पाहुणा, गाववाला मास्तरसमोर उभा राहतो आणि म्हणतो, हा माझा माणूस. आत्मारामसाठी त्याचे मेहुणे, भास्करराव, उभे राहिले होते. माणूस चोर निघाला की आणणाऱ्याचा शब्द जातो, आणि मग त्याच्या गावच्या कुणालाच कुणी यंत्रावर घेत नाही. त्यामुळे सगळं गावच त्याला झटकून टाकतं. चोरी केवढी, हे कुणी विचारत नाही.

तरीही मला आणखी एक संधी मिळाली. हे लक्षात ठेवा — संधी मिळाली. त्या रविवारी भास्करराव आत्मारामला घेऊन माझ्या घरी आले. बरोबर गावचे दोन म्हातारे होते आणि दाराची चौकट धरून जागृती उभी होती. बायको आत चहा टाकत होती. भास्कररावांनी हात जोडून विचारलं, “सर, हाऊ म्हनस तुम्हीच सांगेल व्हतं. खरं शे का?”

हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. त्या म्हाताऱ्यांनी माझा शब्द मानला असता, शेठकडे गेले असते. पण शेठना मी आधीच एक सांगून बसलो होतो. आणि खोलीची किल्ली बुधवारी मिळायची होती.

“मी कशाला सांगू चोरी करायला?” मी म्हणालो. वर थोडा रागही दाखवला. राग दाखवला की माणूस खरा वाटतो, हे मला वर्गात राहून ठाऊक झालेलं.

आत्माराम भांडला नाही. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मग पोरीला म्हणाला, “चाल.” चहा तसाच राहिला. भास्कररावांनी जाताना माझी माफी मागितली.

खोली मिळाली. अजून आहे. बाहेर पाटी आहे, पाटीवर माझं नाव आहे.

आत्मारामनं बायको-पोरांना गावी धाडलं आणि स्वतः पलसाण्याकडे कुठल्या तरी मिलमध्ये कापडाचे तागे उचलायला लागला, असं कानावर आलं. नंतर खोकला जडला, म्हणे. नंतर गेला. जागृतीची शाळा नववीत सुटली. हे सगळं मला कळत होतं, तुकड्या-तुकड्यांनी, कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी दहाव्याला. मी ‘अरेरे’ म्हणायचो. अगदी मनापासून म्हणायचो, खोटं नाही. त्या ‘अरेरे’ची आज किळस येते.

गेल्या मे महिन्यात ती आली. मी ओळखलं नाही. लग्न होऊन ती पुन्हा सुरतेला आली होती, भेस्तानला राहते, घरी बसून साड्यांना लेस लावते. जावेच्या मुलीचं नाव शिबिरात घालायला आली होती. फॉर्म भरून झाला तरी ती उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मग म्हणाली, “सर, खूप वर्षं एक बोलायचं होतं. पप्पांनी तेव्हा तुमचं नाव घेतलं ना — ”

कळलं हिला, असं वाटलं. आणि खरं सांगू? एक क्षण बरंही वाटलं.

“शेवटपर्यंत तेच म्हणायचे,” ती म्हणाली. “दवाखान्यातसुद्धा. सरांनीच सांगितलं, सरांनीच सांगितलं. मी फार भांडायचे त्यांच्याशी. मी म्हणायचे, स्वतः केलं ते केलं, वर देवमाणसावर कशाला घालता? शेवटी शेवटी तर मी त्यांच्याशी बोलतच नव्हते.” तिनं डोळे पुसले. “ते तर गेले. त्यांच्या वतीनं मी माफी मागते, सर.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. शेठ वारले त्याला चार वर्षं झाली. निवृत्त होऊन मला तीन. घाबरायला कुणी उरलं नव्हतं — कुणीच नाही.

“जाऊ दे गं,” मी म्हणालो. “माझ्या मनात काही नाही. मी त्यांना केव्हाच माफ केलंय.”

तिचा चेहरा मोकळा झाला. ती उठली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.