ह्वांगमेईचं माहेर

जर्मनीतल्या येना शहरात आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक वाशक्युशे आहे, म्हणजे कपडे धुवायची खोली. तिथं माझी चिनी शेजारीण कपडे वाळत घालताना खुशाल गळा मोकळा करून गाते. रविवारी मशीन लावलं तरी नाकं मुरडणारे जर्मन शेजारी हिला मात्र काही बोलत नाहीत.

पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनाही ते गाणं आवडलं. दाराच्या बेलवरच्या पाटीवर माझं माहेरचं आडनाव पाहिल्यापासून त्या जरा घुश्शातच होत्या.

"कुठलं गं हे गाणं?"

शेजारीण जर्मनमध्ये सांगत गेली, मी मराठीत. हा ह्वांगमेई ऑपेरा. ह्वांगमेई हा हूपेई प्रांतातला तालुका. तिथं चहाची पानं खुडताना म्हणायची ही गाणी. त्यांचं नाटक झालं, नावलौकिक झाला तो शेजारच्या आनह्वेई प्रांतात. शेजारीण तिथलीच. नाव मात्र अजून ह्वांगमेईचंच.

"म्हणजे संसार सासरी आणि नाव माहेरचं!" सासूबाई म्हणाल्या. "सासरच्यांना चालतं का, विचार तिला."

मी विचारलं. शेजारीण हसली. "चालतं म्हणजे? त्यांना अभिमान आहे त्या नावाचा."

हे उत्तर मी सासूबाईंना मराठीत दोनदा सांगितलं.