खिडकीतून दिसणारं घर

प्लास केलिन हवेलीची दर्शनी गोल भिंत ग्वेरविलच्या नवऱ्याने, मदोगने बांधली. अशी गोल, की नदीपलीकडून जाणारा माणूस थबकून बघत राही. तीन उंच खिडक्या, पांढराशुभ्र गिलावा, डावीकडे जे तेच उजवीकडे. बाजूची नोकरांची पडवीही त्यानेच बांधली, तिला मात्र खिडक्या पार छताला टेकलेल्या. भांडी टाकून नोकरांनी हिरवळीवरच्या साहेबलोकांची तोंडं बघत बसू नये ना, म्हणून!

"अगं, ताडमाड गडी स्टुलावर चढला तरी त्याला ढगांशिवाय काही दिसायचं नाही," मदोग घरी येऊन सांगायचा आणि पोट धरून हसायचा. ग्वेरविलही हसायची. त्यांना थोडंच तिथे राहायचं होतं!

चुन्याची धूळ छातीत बसून मदोग गेला. नदीपलीकडचं दोन खोल्यांचं घर आणि चूल तेवढी तिच्यापाशी राहिली. त्या मुलखात कोळशाची भुकटी मातीत कालवून गोळे करतात, रात्री विस्तव झाकतात, सकाळी उकरतात. ग्वेरविलची चूल तिच्या आजेसासूने पेटवलेली, तेव्हापासून कधी विझली नव्हती. पोरं झाली नाहीत बिचारीला, पण चूल तिने पोरासारखी सांभाळली.

घर कुळाचं, जमीन हवेलीच्या मालकाची, कर्नलसाहेबांची. गोल भिंतीतल्या खिडक्यांतून नदीपलीकडची वस्ती दिसते, नजरेला खुपते, म्हणून साहेबांनी ती पाडली. सगळी. ग्वेरविलचं एक घर सोडून. कारभारी हॅरिस सांगायला आला.

"नशीब काढलंस, ग्वेरविल. साहेबांना देखाव्यात एक झोपडी हवीय. फक्त तिच्यातून धूर निघायला हवा."

"माझ्या चुलीला धूर नसतो, कारभारी. अख्ख्या गावाला विचारा. नाही, गाव तुम्ही ठेवलंयत कुठे!"

"तेच तर! पाहुणे विचारतात, तिथे कुणी राहतं की नाही? त्यांच्या जेवणाच्या वेळेला ओलं गवत टाकत जा."

"जेवणार ते आणि धूर माझ्या डोळ्यांत?"

"नसेल जमत तर घर मोकळं कर," हॅरिस म्हणाला.

जमवलं तिने. काय करते? डोळे चुरचुरत, ओटच्या भाकरीला काजळीचा वास येई, पण घर राहिलं होतं. मग एका शरदात हवेली पाहुण्यांनी भरली आणि निरोप आला, धूर कमी पडतोय. तिने चिडून ओल्या नेच्यांचा भारा चुलीत कोंबला. धूर निघाला बक्कळ. विस्तव मात्र गुदमरला. गाल जमिनीला लावून ती फुंकत राहिली. राखच राख. मदोग गेला तेव्हा रडली नव्हती तेवढी त्या दिवशी हंबरडा फोडून रडली. निखारा मागायला शेजार उरला नव्हता. शेवटी पुलावरून हवेलीच्या मुदपाकखान्यात गेली आणि निखारा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी धूर वेळेवर निघाला.

वसंतात हॅरिस पुन्हा आला. या खेपेला टोपी हातात.

"आता धूर नको."

"देव पावला!"

"साहेबांना आता पडकं घर हवंय. पाहुणे चित्रं काढतात ना, त्यांना पडकं जास्त आवडतं. भिंती राहतील, छप्पर उतरवायचं."

"आणि मी? मला कुठे उतरवणार?"

"तुझी सोय केलीय. हवेलीच्या पडवीत, भांड्यांना. मदोगच्या हातच्या भिंतीत राहशील. आणखी काय पाहिजे?"

"तुझ्या तोंडात राख पडो," ग्वेरविल म्हणाली. छप्पर तरीही उतरलं.

आता ती भांडी घासते. वरकाम करणारी लिवेली गोल दिवाणखान्यातून चहाचे पेले घेऊन खाली येते, तेव्हा तिला राहवत नाही.

"मावशी, काय सुरेख दिसतंय गं तुझं घर! धुराड्यावर वेल चढलीय. एक बाई केव्हाची चित्र काढतेय, आणि सगळे तिथेच टक लावून बसलेत."

एकदा लिवेली वर गेल्यावर ग्वेरविलने पातेलं उपडं घातलं आणि भिंतीला धरून त्यावर चढली. टाचा उचलल्या. बोटं खिडकीच्या कडेला जेमतेम टेकली. वर ढग होते.

तिने ओल्या तळव्याने भिंतीवर एक चापट मारली.

"मेल्या मदोग," ती म्हणाली, "हातभर तरी खाली ठेवायची होतीस रे!"