मंगलाष्टकातली आजी

दिल्लीतल्या ओळखीच्या कुठल्याही मराठी घरात लग्न ठरलं, की हॉलच्या आधी आमच्या मयूर विहारच्या घरी फोन यायचा. मंगलाष्टकं आईनंच लिहायची. शेवटच्या कडव्यात घरातली वडीलधारी मंडळी यमकात बसवलेली असायची. तिची ती खासियत होती.

एकदा लग्नाला महिना राहिला असताना नवऱ्यामुलाचे आजोबा गेले, आणि कडव्यात ते तसेच राहून गेले. म्हणणारी मुलाची आईच होती. "आजोबा" आले आणि तिला हुंदका फुटला. मंगलाष्टकं तिथंच थांबली. आईनं ते फार मनाला लावून घेतलं होतं.

या हिवाळ्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. त्याआधीच आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. शब्द जिभेवर यायचे आणि तिथंच अडकायचे. तरी हट्ट हाच की नातीची मंगलाष्टकं मीच करणार. बाहेर धुरकट हवा, खिडक्या बंद, आणि मी पलंगाशी बसून तिला यमकं पुरवतेय. माझं मराठी दिल्लीत वाढलेलं, "आनंद"च्या आधी "खुशी" आठवते. आई चांगल्या हाताच्या बोटांवर अक्षरं मोजायची आणि तोंड वाकडं करायची.

बाकी सगळं जमलं. "आजी"ला यमक मिळेना.

"राजी?" नाही. "ताजी?" नाही. "बाजी?" तेही नाही.

"मग काय भाजी घालू?" मी वैतागले. मोबाइलवर शोधलं, तर त्यानं "माजी" सुचवलं. मेल्याला काही कळतं का! मी फोन पालथा ठेवला.

"आई, राजी बिल्कुल बसतंय गं. कशाला छळतेस?"

तिनं माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. मग एकेक अक्षर ओढत म्हणाली, "आजी... काढ."

"काढ काय? तुझीच नात आहे ना!"

"म्हणणार... कोण?"

"मी. आणखी कोण?"

"म्हणून."

मला आधी तिचा रागच आला. भलतंसलतं बोलू नकोस, असं ओरडले आणि ओरडतानाच रडू फुटलं. ती थोपटत राहिली, त्या एकाच हातानं.

शेवटी "आजी" खोडून मी "सारे" लिहिलं. त्याला यमकं भराभर सापडली. पहिल्यालाच आईनं मान डोलावली.